बोली अस्सल, संहिता दुबळी

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ २०१८ साली पडद्यावर आला. पुण्याच्या वेशीवरची जमीन विकली जाते, पाटील असलेला बाप हमाली करू लागतो आणि त्याचा पोरगा राहुल टोळीत शिरतो, अशी ही कथा. बोली अस्सल, चेहरे ओळखीचे. त्यामुळे ‘वास्तववादी’ हे बिरूद चित्रपटाला सहज मिळाले. परंतु बोली साधली म्हणजे वास्तव हाती लागले असे मानणे ही समीक्षेची फसगत होय.

पूर्वार्धात संहिता कारणे शोधते. हाती आलेला पैसा कसा उडाला, बापाचा मान कसा गेला, हे प्रसंगांतून दिसते. राहुल टोळीत गेल्यावर मात्र कारणांची जागा खुनांची मालिका घेते. कोयता दिसत राहतो. तो कोणाच्या फायद्यासाठी चालतो याचा हिशेब मागे पडतो. मग उरलेला बोध पात्रांच्या तोंडून वदवावा लागतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या शोकांतिकेला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, जो त्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबला, त्याचे जमीन विकल्यावर काय झाले, हा प्रश्न कथेच्या केंद्राशी येतच नाही.

येथे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आठवावे. त्यांचे धनेगाव लातूर तालुक्यातले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो तालुका उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होता. तेथेही टोळी आहे. पण चोरी तेथे पराक्रम नाही. पोटासाठी पत्करलेला धंदा आहे. पोलिसांचा मार ठरलेलाच, म्हणून लेकरांना मार सोसायला शिकवले जाते. चोरीचा वाटा कुठवर पोचतो, हेही लेखक दाखवतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. व्यवस्थेच्या डोक्यातून तो गेला नाही, हे या आत्मकथनाने सिद्ध केले.

कळंब-परंड्याची भूमिहीनांची पोरेही पोटासाठी पुण्याची वाट धरतात. चित्रपट पाहून त्यांच्या ध्यानात राहुलची ऐट राहते. त्याला वापरून घेणारा राहत नाही. ही चूक प्रेक्षकाची नव्हे, संहितेची आहे. टोळीवर लिहू पाहणाऱ्या आपल्या नाटककारांनी बोलीइतकीच मेहनत या हिशेबावर घ्यावी.