देवल, गोविंद बल्लाळ

(१३ नोव्हेंबर १८५५–१४ जून १९१६). मराठी नाटककार, नट व नाट्यशिक्षक. जन्म सांगलीजवळील हरिपूर येथे. बेळगाव येथे शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांना लाभला. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांनी नटांना तालीम देण्याचे काम केले.

देवलांच्या सात नाटकांपैकी शारदा (१८९९) हे एकच स्वतंत्र आहे. मृच्छकटिक, विक्रमोर्वशीय व शापसंभ्रम ही संस्कृत कृतींवर, तर दुर्गा, झुंझारराव व संशयकल्लोळ ही पाश्चात्त्य नाटकांवर आधारलेली आहेत. तथापि त्यांचे रूपांतर केवळ नावे व वेष बदलून थांबत नाही. मूळ कथानक मराठी समाजात कोठे रुजेल, याचा विचार त्यामागे असतो.

संशयकल्लोळ हे याचे उत्तम उदाहरण होय. मोल्येरच्या स्गानारेल (१६६०) या प्रहसनावरून आर्थर मर्फी याने ऑल इन द राँग (१७६१) ही सुखात्मिका रचली. तिच्या आधारे देवलांनी प्रथम फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा (१८९३) हे गद्य नाटक लिहिले. १९१६ मध्ये त्याचेच संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मर्फीची नायिका कुलीन घरातील आहे. तत्कालीन मराठी कुलीन कुमारिकेचे उघड प्रियाराधन प्रेक्षकांना पटले नसते. म्हणून देवलांनी रेवतीला गणिकेची कन्या केले. त्यामुळे तिचा मोकळा वावर स्वाभाविक ठरलाच; शिवाय अश्विनशेठच्या संशयालाही सामाजिक पूर्वग्रहाचे बळ मिळाले. फाल्गुनराव व कृत्तिका यांचा संशय मात्र स्वभावजन्य आहे. पात्रांना नक्षत्रांची व महिन्यांची नावे देऊन हा गोंधळ त्यांनी अधिकच खेळकर केला.

शारदेत हास्याला गंभीर प्रयोजन लाभले आहे. तरुण दिसू पाहणारा वृद्ध भुजंगनाथ आणि त्याची खुशामत करणारा भद्रेश्वर यांना प्रेक्षक हसतो. पण तो विनोद शारदेच्या जिवावर बेतणारा आहे, याची जाणीव त्याला सतत राहते. विवाह मोडतो तो मात्र सगोत्रतेच्या कारणाने, वराच्या वार्धक्यामुळे नव्हे. त्यामुळे जरठ-कुमारी विवाहाचा मूळ प्रश्न नाटकाच्या अखेरीस बाजूला पडतो. ही उणीव लक्षात घेऊनही, साध्या, बोलक्या संवादांतून सामाजिक दंभ उघडा करणारा विनोद मराठी संगीत नाटकात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने देवलांना द्यावे लागते.