पाइनच्या गाण्याची वीण

पोर्तुगालचा राजा दीनीश (1261–1325) कवी होता आणि त्याची 137 गीते आज शिल्लक आहेत. त्यांतले सर्वांत परिचित गीत म्हणजे पाइनच्या फुलांना प्रियकराचा ठावठिकाणा विचारणाऱ्या मुलीचे. पुरुषाने रचायचे आणि मुलीच्या तोंडी घालायचे, अशा या प्रकाराला ‘कांतिगा द आमिगो’ म्हणतात.

वृत्त म्हटले की आपल्याला लगक्रम नाही तर मात्रा आठवतात. पोर्तुगीजमध्ये ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नसतो. ओळीतल्या शेवटच्या आघातापर्यंतची अक्षरे मोजायची, उरलेली सोडून द्यायची. या रीतीने गीताच्या पूर्वार्धातल्या ओळी दहा अक्षरांच्या भरतात. बरेचसे विवेचन ही मोजणी करून, यमकांना अ-ब अशी अक्षरे लावून थांबते. गंमत खरी त्यानंतर सुरू होते.

गीतात दोन-दोन ओळींची आठ कडवी आहेत आणि प्रत्येकाखाली एकच आर्त, आखूड ध्रुपद: देवा, तो कुठे आहे? पहिल्या कडव्यात ‘पीनो’ आणि ‘आमिगो’ जुळतात, दुसऱ्यात ‘रामो’ आणि ‘आमादो’. आपल्या कानाला हे कच्चे यमक वाटेल, कारण व्यंजने वेगळी आहेत, मेळ फक्त स्वरांचा. पण दुसरे कडवे पहिल्याचेच बोलणे स्वर बदलून पुन्हा सांगते. पुढे तर ‘धडधाकट आणि जिवंत’ या शब्दांची नुसती अदलाबदल केली की यमक बदलते.

याला जोडून ‘लैशा-प्रेन’, म्हणजे सोड-धर. पहिल्या कडव्याची दुसरी ओळ तिसऱ्याची पहिली होते, दुसऱ्याची चौथ्यात जाते. ही साखळी फक्त एकदा तुटते, चौथ्या आणि पाचव्या कडव्यांच्या मध्ये. नेमके तिथेच मुलीचे बोलणे संपते आणि पाइन उत्तर देऊ लागतो. बोलणारा बदलल्याचे पहिले चिन्ह रचनेतच आहे.

पाइन सांगतो, तो सुखरूप आहे, मुदतीआधी येईल. तरीही ध्रुपद तेच विचारत राहते. काहींना हा निव्वळ साच्याचा रेटा वाटतो. मला ते पटत नाही. उत्तर मिळूनही न शमणारी काळजी दाखवायला कवीला नवा शब्द लागला नाही, जुनाच पुरला.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनने मार्तीं कोदाश या याच परंपरेतल्या कवीच्या विणीवर बारकाईने लिहिले, पण छापील शब्दावर भर देणाऱ्या अशा वाचनात चाल बाजूला राहते. ही गाणी म्हणायची होती. कोदाशच्या सहा गाण्यांची स्वरलिपी 1914 मध्ये माद्रिदला सापडलेल्या चर्मपत्रावर आहे. दीनीशच्या सात गीतांचे स्वरांसह तुकडे 1990 मध्ये लिस्बनला मिळाले, पण ती सारी पुरुषाच्या तोंडची प्रेमगीते. सुमारे 500 कांतिगा द आमिगोंपैकी चाल उरली आहे ती फक्त कोदाशच्या त्या सहांची. पाइनच्या गाण्याची नाही.