परमहंस सभेचीं साधनें : पाव आणि प्रार्थना

परमहंस सभेविषयीं जो कोणी लिहितो तो पावापासून आरंभ करतो. नवीन सभासदानें जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी, ख्रिस्ती पाववाल्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा, मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें, आणि मग त्यास मंडळींत बसूं द्यावें, ही हकीकत इतक्या वेळां छापली गेली आहे कीं तिच्यापुढें सभेची दुसरी कोणतीच हकीकत वाचकांच्या ध्यानांत उरलेली नाहीं. ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हीच मंडळी बैठकीच्या आरंभीं आणि शेवटीं मराठींत ईश्वरप्रार्थना म्हणत, आणि त्या प्रार्थना बहुतांशीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं रचिलेल्या होत्या, ही गोष्टहि नमूद असतां ती मात्र एखाद्या ओळींत उरकली जाते. पाव खाण्यास एक क्षण लागतो; सभा सुमारें अकरा वर्षें भरत होती. इतका काळ हे लोक एकत्र बसून कशाचें चिंतन करीत हें सांगणारीं साधनें कोणत्या प्रतीचीं आहेत, याची तपासणी येथें करावयाची आहे.

सभा मुंबईंत १८४९ सालीं स्थापन झाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. पुणें, अहमदनगर, रत्नागिरी इत्यादि ठिकाणीं तिच्या शाखा निघाल्या. कारभार सर्व गुप्त. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली, नांवें आतां चव्हाट्यावर येणार अशी भीति पसरली, आणि सभा विस्कटली. ज्या संस्थेचा अंत एका वहीनें झाला तिच्या घटकांनीं उरलेले कागद जपून ठेवले असतील अशी अपेक्षा करणें फारसें शहाणपणाचें नव्हे. सभासदांची संख्या पांचशें होती असा आंकडा पुढील लेखनांत आढळतो. ती वहीच समोर नसतां हा आंकडा कोणत्या मापानें मोजला, हें तो देणारांनीं सांगावयास हवें होतें.

दफ्तर नाहीं म्हणून आठवणींवर भिस्त ठेवावी लागते. बाबा पदमनजी या मंडळींत होते. १८५४ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि सभेचें वर्णन त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रांत आहे. ग्रंथाच्या नांवावरूनच कळतें कीं लेखकाच्या दृष्टीनें पूर्वायुष्य म्हणजे सूर्य उगवण्यापूर्वींची वेळ. अशा लेखकास सभेंतील प्रार्थना अपुरी वाटावी आणि तिचें गुप्तपण भ्याडपणाचें वाटावें हें स्वाभाविक आहे. दुसरे साक्षीदार रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ते १८५३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, रत्नागिरीस सभेंत आले. पुढें ते प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ झाले. त्यांच्या सांगण्यांत सभा ही समाजाची पूर्वज ठरते. एकास ती पायरी दिसते, दुसऱ्यास ती बीज दिसते. ती स्वतः काय होती हें सांगण्यास दोघांसहि विशेष कारण नव्हतें. तिसरे आणि सर्वांत अधिकारी साक्षीदार म्हणजे स्वतः दादोबा. त्यांचें आत्मचरित्र प्रियोळकरांनीं १९४७ सालीं साक्षेपानें संपादून प्रसिद्ध केलें. पण तें १८४७ च्या पुढें जात नाहीं. म्हणजे सभेच्या उंबरठ्याशीं येऊन लेखणी थांबली आहे! प्रियोळकरांनीं पुढें १९६६ सालीं परमहंस सभा आणि राम बाळकृष्ण यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून पुष्कळ सामग्री एकत्र केली. त्यांच्या श्रमांचें ऋण मोठें आहे. त्यांच्या मागून आलेल्यांनीं ती सामग्री पुन्हा न तपासतां तिच्यांतून पाव तेवढा उचलला, हा दोष त्यांचा नव्हे.

आतां सभेच्या तत्त्वांचा मुख्य आधार म्हणून ज्याचा उपयोग होतो त्या ‘धर्मविवेचना’कडे वळूं. हा ग्रंथ दादोबांनीं १८४३ सालीं लिहिला असें सांगतात. तो छापला गेला १८६८ सालीं, तोहि खरें नांव झांकून. त्यांतील सात तत्त्वें प्रसिद्धच आहेत : ईश्वर एकच पूज्य, धर्माचें मूळ प्रेम आणि नीति, पारमार्थिक धर्म सर्वांचा एक, प्रत्येकास विचारस्वातंत्र्य, आचार-उच्चार विवेकास धरून, मनुष्यमात्राची एक जाति, आणि ज्ञान सर्वांस द्यावें. लेखक हीं तत्त्वें उतरून घेतात आणि खालीं १८४९ ची सभा मांडतात. यांत एक अडचण आहे. लेखन आणि मुद्रण यांत पंचवीस वर्षें लोटलीं. तेवढ्यांत सभा स्थापन होऊन मोडली, १८६४ सालीं केशवचंद्र सेन मुंबईस येऊन गेले, आणि १८६७ सालीं दादोबांचे धाकटे बंधु आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाज निघाला. इतकें डोळ्यांपुढें घडल्यावर मनुष्य आपलें तरुणपणींचें हस्तलिखित एक अक्षर न बदलतां छापखान्याकडे धाडतो, असा अनुभव निदान आम्हांस तरी नाहीं. एखाद्या बखरीची प्रत मूळ लेखनानंतर पाव शतकानें झालेली असती तर याच मंडळींनीं तिच्यावर किती प्रश्न उपस्थित केले असते!

सुदैवानें एक पडताळा उपलब्ध आहे. दादोबा सुरतेस नोकरीनिमित्त असतां १८४४ सालीं तेथें दुर्गाराम मंछाराम मेहता प्रभृतींसह मानवधर्म सभा निघाली. ती उघड होती. दर रविवारीं भरे आणि कोणासहि येण्यास मोकळीक असे. दुर्गारामांनीं ठेवलेल्या टिपणांच्या आधारें महीपतराम रूपराम यांनीं त्यांचें गुजराती चरित्र १८७९ सालीं प्रसिद्ध केलें. तींत ईश्वर एक, मनुष्यजाति एक, आणि धर्माचें मूळ सत्य व नीति, हीं तत्त्वें स्पष्ट आहेत. तेव्हां सातांपैकीं एवढीं कलमें निर्धास्तपणें पांचव्या दशकांत नेतां येतात. उरलेलीं १८६८ च्या खातीं मांडून ठेवावींत. मौज ही कीं अल्पकाळ टिकलेल्या उघड सभेचें टिपण उरलें, आणि तिच्याहून दीर्घायुषी गुप्त सभेचें कांहींच उरलें नाहीं.

गुप्तपणाबद्दल दादोबांस दोष देणें सोपें आहे. पण १८४३ हेंच साल श्रीपत शेषाद्रि प्रकरणाचें होय. मिशनऱ्यांच्या घरीं राहिलेल्या बारा वर्षांच्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून ब्राह्मणसमाज फाटला, आणि मुलाचा पक्ष घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसहि तो वाद भोंवला. परक्या घरचें अन्न म्हणजे काय संकट, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनींच सहा वर्षांनीं पावाची कसोटी घातली. ती कसोटी हिंदूच्या जातीची होती. इतर धर्मांशीं सभेचें नातें तींत सांपडत नाहीं. तें सांपडतें सभेच्या दोन नियमांत : कोणत्याहि धर्मावर हल्ला करावयाचा नाहीं, आणि ईश्वराचें अचूक लिखित केवळ आपल्यापाशींच आहे असें म्हणणारा धर्म पत्करावयाचा नाहीं. दुसरा नियम वेद, बायबल आणि कुराण या तिन्हींस सारखाच लागू पडतो. ग्रंथ बाजूस ठेवल्यावर एकत्र बसलेल्यांपाशीं प्रार्थनेखेरीज दुसरें काय राहतें? म्हणूनच आमच्या मतें प्रार्थना ही सभेची शोभा नसून तिचा कणा आहे. सभेचें नांवहि तेंच सुचवितें. शिखासूत्र टाकून केवळ आत्मचिंतनांत राहणारा जो चतुर्थाश्रमी, त्याची संज्ञा या गृहस्थाश्रमी लोकांनीं उचलली. पहिल्या अर्धाकडे सर्वांचें लक्ष गेलें, दुसऱ्याकडे नाहीं. दादोबांचें पुढील लेखन पाहावें : १८६५ सालीं मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ टीका, १८७८ सालीं स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवर इंग्रजी विवेचन. हें केवळ जात मोडूं पाहणाऱ्याचें वाचन नव्हे.

१८६७ सालीं काय टिकलें तेंहि पाहण्यासारखें आहे. प्रार्थनासमाजानें पावाची अट ठेवली नाहीं, उपासना ठेवली, आणि ती उघड केली. १८७४ सालीं गिरगांवांत तिच्यासाठीं मंदिर उभें राहिलें. पाव सोडण्यांत समाजानें धैर्य गमावलें असें कोणी म्हणेल, आणि तें सर्वस्वीं चूक नाहीं.

राहिला संग्राहकांचा प्रश्न. आमचे पोथ्या जमविणारे मित्र लेखनकाल आणि लेखकाचें नांव असलेली प्रत हातीं धरतात. निनांवी, बाळबोध अक्षराची, इंग्रजी कागदावरील एकोणिसाव्या शतकांतील वही ‘अर्वाचीन’ म्हणून रद्दींत जाते. परमहंसांच्या प्रार्थना उरल्या असतील तर त्या अशाच वह्यांत असावयाच्या. आरंभीं गणेशवंदन नाहीं, देवतेचें नांव नाहीं, केवळ एका ईश्वरास संबोधन आहे, अशी वही मिळाल्यास ती फेकूं नये. पान उजेडासमोर धरून कागदांतील जलचिन्ह पाहावें; त्यांत सालाचा आंकडा असेल तर लेखन त्यापूर्वींचें नाहीं एवढें ठरतें. ‘धर्मविवेचना’ची १८६८ पूर्वींची एखादी हस्तलिखित प्रत निघाली तर ती छापील पुस्तकाशीं ओळीनें ओळ ताडून पाहावी, म्हणजे वर काढलेल्या शंकेचा निकाल लागेल. आणि चोरीस गेलेली वहीच कोणाच्या हातीं आली तर? त्या नांवांचे वंशज आज निर्भय आहेत. जातीबाहेर टाकण्याचें भय आतां त्यांस नाहीं. ती छापावी, पण प्रार्थनांच्या मागून छापावी.