विरोधाभास, दैवदुर्विलास आणि आयरनी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेने तो १८०३ साली कोरला गेला. त्याच्या चार वर्षे आधी, १७९९ च्या तहान्वये, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. मध्यंतरी त्या भिंतीपुढे उभा असता शेजारच्या मराठी प्रवाशांचे उद्गार कानी पडले. वाटाड्याने हा पूर्ववृत्तान्त सांगताच एक गृहस्थ म्हणाले, ‘केवढा हा विरोधाभास!’ दुसऱ्यांनी ‘दैवदुर्विलास, दुसरे काय!’ म्हणून उसासा टाकला. बरोबरच्या तरुणाने ‘काय आयरनी आहे!’ असे म्हणून दोघांचेही बोलणे एका शब्दात आटोपले. तिघेही सुशिक्षित होते, आणि आपण तिघे एकच गोष्ट बोलत आहो याविषयी तिघांनाही शंका नव्हती. त्या समजुतीचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

विरोधाभास हा शब्द अलंकारशास्त्रातला. या तमिळ देशातच होऊन गेलेल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त त्याला स्वतंत्र स्थान आहे. तेथे विरोध दिसतो, परंतु अर्थाकडे नीट लक्ष देताच मावळतो. अलंकाराची सारी शोभा त्या मावळण्यात असते. आज मात्र एखाद्या पुढाऱ्याच्या सकाळच्या आणि सायंकाळच्या भाषणांत मेळ नसला, की आपण त्यास विरोधाभास म्हणतो. तो आभास नव्हे, रोकडा विरोध होय. दैवदुर्विलासाच्या पोटात तर अपेक्षेविरुद्ध घडलेले कोणतेही अनिष्ट मावते. आयरनी या उसन्या शब्दाने या दोहोंचा भार उचललाच, वर योगायोगही आपल्या खाती मांडून घेतला. नाटकाला निघावे आणि नेमकी तेव्हाच वीज जावी, एवढ्यावरही तो आता खर्ची पडतो.

वास्तविक आयरनीला दोन श्रोते लागतात. ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’ या १९२६ च्या कोशात फाउलरने याच लक्षणावर बोट ठेवले आहे. एक श्रोता शब्द तेवढे ऐकतो. दुसरा शब्दांमागचे ऐकतो आणि पहिल्याला ते ऐकू येत नाही हेही जाणतो. सोफोक्लीझच्या ईडिपसने राजहत्या करणाऱ्याचा शोध घेण्याचा निर्धार जाहीर करावा आणि तो हत्यारा म्हणजे स्वतः ईडिपसच, हे प्रेक्षकांनी जाणावे, यात केवळ दुर्दैव नाही. दुर्दैवाला साक्षीदार नसला तरी चालते. आयरनीचे त्यावाचून भागत नाही.

याचे तमिळमधले उदाहरण ‘पुरनानूरु’ या प्राचीन संग्रहात आहे. अदियमानाची वकील म्हणून कवयित्री अव्वैयार तोंडैमानाकडे गेली असता त्याने तिला आपले शस्त्रागार दाखविले. तिने स्तुती केली: येथील शस्त्रे कशी मोरपिसांनी सजलेली, तेलाने चकाकणारी आहेत, आमच्या राजाची बिचारी मोडून लोहाराच्या झोपडीत पडली आहेत. यजमानाने शब्द ऐकले तर त्यास गौरव वाटावा, आणि अर्थ ऐकला तर कळावे की न वापरलेले शस्त्रच असे चकाकते. तमिळ अलंकारशास्त्र अशा उक्तीस ‘वंजप्पुगळ्चि’, म्हणजे कपटस्तुती, म्हणते. आपल्या व्याजस्तुतीची ती सख्खी बहीण होय. परंतु आयरनीच्या व्यापक अर्थासाठी आधुनिक तमिळ समीक्षेने आणखी एक जोडशब्द घडविला आहे: ‘मुरण्नगै’. मुरण् म्हणजे विरोध, नगै म्हणजे हसू. माझ्याच एका अनुवादात मी या शब्दासाठी ‘विरोधाभास’ लिहून गेलो आणि छापून झाल्यावर ओशाळलो. विरोध मराठीत आला होता. हसणारा मागेच राहिला होता.

यावर कोणी म्हणेल की शब्दांचे अर्थ बदलतातच. ‘उपरोध’ म्हणजे मूळ संस्कृतात अडथळा, मराठीत तो टोमणा झाला, आणि कोणाचे काही बिघडले नाही. हे मान्य आहे. परंतु तेथे मराठीला एक नवा अर्थ मिळाला, आणि अडथळ्यासाठी दुसरे शब्द होतेच. येथे चार वेगळ्या गोष्टींचा मिळून एक उद्गार झाला आहे, आणि तो उद्गार काढला की पुढे काही विचारावयाचे उरत नाही.

हानी आहे ती येथेच. सरफोजींचे राज्य दैवाने नेले नाही. तहाला तारीख आहे, कलमे आहेत, दोन पक्ष आहेत. १८५५ साली दुसरे शिवाजी पुत्रहीन वारले, त्यानंतर कंपनीने गादीच खालसा केली. तोही कचेरीत बसून केलेला निर्णय होता. या सर्वांस दैवदुर्विलास म्हटले की माणसांची कृत्ये दैवाच्या नावे जमा होतात. आणि विरोधाभास म्हणावे, तर येथील विरोध कितीही निरखून पाहिला तरी मावळत नाही.

मग आयरनी तरी आहे काय? लेख कोरविणारा राजा अजाण नव्हता. आपल्या हाती काय उरले आहे हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? सरस्वती महाल ग्रंथालय आपल्या संग्रहाने समृद्ध करणाऱ्या या पुरुषाने, सत्ता गेल्यावर स्मृती तरी दगडावर ठेवावी असे ठरविले असेल, तर त्यास निश्चय म्हणावे. आयरनी शोधावयाचीच तर ती भिंतीच्या अलीकडे शोधावी. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, आपल्याच भाषेत कोरलेली अक्षरे वाचीत, ती कोरविणाऱ्यास वस्तुस्थिती उमगलीच नव्हती असे समजून हळहळणारे प्रवासी तेथे उभे होते. ज्याची ते कीव करीत होते, त्याला त्यांच्यापेक्षा अधिक ठाऊक होते.