चऱ्होली शोधली की सापडत नाही

वेब डेव्हलपरच्या हाताशी आज आहेत तेवढी साधनं पूर्वी कधीच नव्हती. २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरफॉक्ससाठी ‘फायरबग’ आणेपर्यंत, पान नेमकं कुठे अडलं हे पाहायला बहुतेक जण कोडमध्ये जागोजागी अलर्ट पेरत बसायचे. आता प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये तपासणीची सोय फुकट मिळते, आणि फ्रेमवर्क-लायब्ररींची तर रीघच लागली आहे. तरीही भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात हजेरीचा, चलनाचा किंवा रिजेक्शनच्या नोंदीचा फॉर्म मराठीत भरायला घ्यावा, तर तो अगदी साध्या जागी अडू शकतो. या कलेची अवस्था जोखायची तर नव्या साधनांच्या यादीचा उपयोग नाही. बिघाड समोर आल्यावर डेव्हलपर त्याच्या मुळाशी जातो का, हे पाहावं लागेल. तिथे आपण कमी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मराठी मजकुरावर ही उणीव सर्वात आधी उघडी पडते.

नावाच्या रकान्यापासूनच पाहू. ‘फक्त अक्षरं चालतील’ अशी अट घालताना इंग्रजी ए ते झेड एवढीच अक्षरं धरणं ही जुनी चूक. ती कळल्यावर जावास्क्रिप्टमध्ये २०१८ साली आलेली युनिकोडची सोय वापरून ‘कुठल्याही भाषेचं अक्षर’ अशी अट लिहिली जाते. त्यात ‘कमल’ बिनतक्रार जातं, आणि चाचणी पास झाली असं समजून काम पुढे सरकतं. ‘शिंदे’ मात्र नाकारलं जातं. युनिकोडच्या लेखी श आणि द ही अक्षरं. वेलांटी, अनुस्वार आणि मात्रा ही चिन्हं, आणि त्यांचा गट निराळा. पाचपैकी तीन घटक अटीबाहेर राहतात. अटीत चिन्हांचा गट मिळवला की प्रश्न मिटतो. दुरुस्ती एका ओळीच्या आतली आहे. कारण न शोधता सुचणारे उपाय दोनच: अट काढून टाकायची, नाहीतर ‘नाव इंग्रजीत लिहा’ अशी सूचना चिकटवायची. पहिल्याने रकान्यात काहीही शिरतं, दुसऱ्याने डेव्हलपरची चूक कामगाराच्या माथी मारली जाते. यांना दुरुस्ती म्हणता येणार नाही.

भोसरीशेजारच्या चऱ्होलीचं उदाहरण याहून अवघड आणि म्हणून अधिक शिकवणारं. त्या नावातला ‘ऱ्ह’ दोन पद्धतींनी साठवला जातो. एकीत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसरीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक आणि ह. पडद्यावर दोन्ही रूपं सारखी दिसतात, संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून नोंदवलेला पत्ता दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर ‘सापडत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही इथे उपयोगी पडत नाही, कारण ते या दोन रूपांना एक मानत नाही. शब्दाचे घटक कन्सोलवर एकेक करून उलगडले, त्यांचे क्रमांक ताडून पाहिले, तरच फरक दिसतो. मग साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यायचं. आकड्यांचीही हीच कथा. ‘१२५’ नग असं देवनागरीत लिहिलं तर जावास्क्रिप्ट ती संख्या मानत नाही, सर्व्हरवरची पायथन किंवा जावा मात्र तोच मजकूर १२५ म्हणून निमूट स्वीकारते. आणि त्याच जावास्क्रिप्टला मराठी पद्धतीने संख्या दाखवायला सांगा, ती देवनागरी आकडे दाखवते. म्हणजे स्वतः लिहिलेलं तिला स्वतःला वाचता येत नाही!

मशीनशॉपमध्ये सेटिंग झाल्यावर पहिला नग मोजून पास झाल्याखेरीज लॉट सुरू करत नाहीत. वेबच्या कामात पहिला नग मराठीत काढून पाहायला हवा, एवढंच माझं म्हणणं. यावर सांगितलं जाईल की मोबाइलवर लोक रोमन लिपीतच मराठी लिहितात. अनेक जण लिहितात. पण ज्यांना फॉर्मने मराठी लिहूच दिली नाही, त्यांची सवय हा पसंतीचा पुरावा कसा धरायचा? शिवाय रोमनमध्ये चऱ्होलीचं स्पेलिंग दहा जण दहा तऱ्हांनी करतील, म्हणजे शोधाचा प्रश्न वाढलाच. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोट्या कारखान्याच्या बजेटमध्ये वेगळा तपासनीस बसत नाही, हे मान्य. मराठीतला एसएमएसही खरोखर महाग पडतो: एका संदेशात इंग्रजी १६० अक्षरं मावतात, देवनागरीचे ७०च घटक, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. तिथे मजकूर आखूड करणं हाच उपाय. नाव, पत्ता, आकडा यांच्या चाचणीला मात्र वीसेक शब्दांची यादी पुरते.

कोड आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहील, मग ही उठाठेव कशाला, असंही विचारलं जातं. ती लिहिते, आणि पुष्कळदा चांगलं लिहिते. पण तिने दिलेल्या अटीवर ‘कमल’सोबत ‘शिंदे’ही तपासायला हवं, हे सुचण्यासाठी तो बिघाड आधी समजलेला असावा लागतो. लिहिण्याचे श्रम घटले तशी तपासणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. पुणे परिसराला हे परकं वाटायचं कारण नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचं काम सी-डॅक या संस्थेने पुण्यातच वाढवलं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरूनच घेतलेली आहे. पाया इतका जवळचा असताना कारखानदाराने पर्चेस ऑर्डरलाच शब्दांची यादी जोडावी: शिंदे, क्षीरसागर, दोन्ही रूपांतली चऱ्होली, देवनागरी १२५. त्यातला क्षीरसागर खास चलनाच्या पीडीएफसाठी. अक्षरं जोडण्याची यंत्रणा ज्या पीडीएफ लायब्ररीत नसते, तिथे ‘क्ष’ फुटून छापला जातो आणि ‘शिंदे’तली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. ब्राउझरमध्ये ही यंत्रणा आधीच असते. म्हणून चलन ब्राउझरच्याच प्रिंटमधून पीडीएफ करून घेणं हा आज सर्वात खात्रीचा मार्ग आहे.