गुबगुबीत देवनागरी

देवनागरीला जाड करणे सोपे नाही. वर शिरोरेषा, तिच्याही वर मात्रा, वेलांटी आणि रफार, खाली उकार, शिवाय ‘ष्ट्र’, ‘क्ष्म’ यांसारखी दाटीची जोडाक्षरे. सगळ्याच रेषा फुगवल्या तर शब्दाचा गोळा होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मोदक’ हा फाँट मला धाडसी वाटतो तो याच कारणाने. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षरांतल्या पोकळ्या जवळजवळ बुजवल्या, उरल्या त्या नुसत्या बारीक चिरा. ‘ठ’चे पोट आणि ‘म’ची गाठ या चिरांवरच ओळखायची. तरी शब्द वाचता येतो, कारण चीर कुठे आणि किती वाकडी द्यायची, याचा निर्णय अक्षरागणिक वेगळा घेतलेला आहे.

‘एक टाइप’चाच ‘बालू’ अधिक मवाळ आणि म्हणून अधिक कामाचा. तो नऊ भारतीय लिप्यांत आहे, आणि नावेही लिपीनुसार बदलतात: गुजरातीत ‘भाई’, गुरुमुखीत ‘पाजी’, तमिळमध्ये ‘तंबी’. कॅथरीन श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला. चपट्या ब्रशचा तिरकेपणा त्यात नीट उतरला आहे.

हे तिन्ही फाँट फुकट मिळतात, ही मोठीच सोय. पण वापर पाहिला की जीव तुटतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘मोदक’ आडवा ताणतात, भोवती पांढरी कड चढवतात, आणि त्या चिरा मरतात. मुलांच्या पुस्तकात कधी तर अख्खा परिच्छेद अशा जाड अक्षरांत असतो. हे फाँट दोन-तीन शब्दांच्या शीर्षकासाठी आहेत. ते मोठे छापावेत, मोकळ्या जागेत, एकाच सपाट रंगात.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. हाताने रेखाटल्याचा आव आणणाऱ्या फाँटमध्येही एका शब्दातले दोन ‘ल’ बहुधा हुबेहूब सारखे निघतात. एकाच अक्षराची दोन-तीन रूपे देऊन ती आलटूनपालटून आणणे आजच्या तंत्राला सहज जमते, पण देवनागरीत ते क्वचितच केले जाते. अक्षरांतला भावही हरवला आहे. २०२० मध्ये निवर्तलेले अक्षरकार कमल शेडगे यांनी हजारो शीर्षके हाताने रेखाटली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचे नुसते नाव पाहून ते विनोदी की गंभीर, हे कळायचे. आज प्रहसन, बालनाट्य आणि मिठाईचे दुकान यांच्या वाट्याला तीच गुबगुबीत अक्षरे येतात. मोजके अपवाद सोडले तर रागीट, खट्याळ, लाजरी, भांडकुदळ अशी देवनागरी अजून घडायची आहे.

नाट्यनिर्मात्यांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी निदान जाहिरातीच्या आणि मुखपृष्ठाच्या शीर्षकासाठी तरी अक्षर रेखाटणाऱ्याला बोलवावे, आणि त्याचे मानधन खर्चात आधीच धरावे.