इंग्रजी घड्याळांची कारागिरी आणि दख्खनमध्ये तिचे आजचे रूप

इंग्रजी घड्याळांचा वैभवकाळ १६५८ च्या सुमारास सुरू होतो. हॉलंडच्या क्रिस्टियान हॉयगेन्सने घड्याळाला लंबक जोडला आणि लंडनच्या फ्रोमँटील घराण्याने ती रचना लगोलग आत्मसात केली. पुढच्या शंभर वर्षांत थॉमस टॉम्पियन, जॉर्ज ग्रॅहम आणि जॉन हॅरिसन यांनी अचूकतेची एकेक अडचण दूर केली. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते व घड्याळ मागे पडते. यावर उपाय म्हणून ग्रॅहमने लंबकाला पाऱ्याची कुपी लावली. उष्णतेने दांडी जितकी खाली उतरे, तितका पारा वर चढे.

या कलेचे मर्म मेजावरच्या चावीच्या घड्याळात सर्वांत चांगले दिसते. चावी दिल्याबरोबर स्प्रिंग जोरात ओढते आणि उलगडत जाताना तिचा जोर ओसरतो. हा जोर सारखा राखण्यासाठी इंग्रज कारागीर शंकूच्या आकाराची, खाचा पाडलेली फिरकी बसवत. तिला ‘फ्यूझी’ म्हणतात. स्प्रिंगचा जोर भरपूर असताना साखळी फिरकीच्या निमुळत्या टोकावरून ओढली जाते, जोर कमी होईल तशी रुंद भागाकडे सरकते. या बारीक साखळ्या इंग्लंडमधील क्राइस्टचर्च येथे बायका-मुले घडवत. तबकडीवर मात्र नाव झळके ते लंडनच्या दुकानाचे. यंत्राच्या मागच्या पितळी पत्र्यावर वेलबुट्टी कोरलेली असे. घड्याळ भिंतीला टेकवून ठेवले तर ती कुणाच्या नजरेस पडणारही नव्हती, तरी ती मन लावून कोरलेली दिसते.

दख्खनमध्ये ही घड्याळे दरबार, वाडे आणि सार्वजनिक मनोऱ्यांमार्फत आली. मराठवाड्यातले औरंगाबाद १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातील संग्रहाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. हे संगीत घड्याळ कोलकात्याच्या कूक अँड केल्वी पेढीच्या नावाचे असून, दर तासाला एक छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो. मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला.

मराठवाड्यातल्या घराघरांतील जुनी भिंतीवरची घड्याळे सहसा इंग्रजी समजली जातात, पण त्यांत अमेरिकन अँसोनिया आणि जर्मन युंगहान्स यांचाच भरणा अधिक. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून निघालेल्या या स्वस्त मालानेच लंडनच्या हातकामाची बाजारपेठ खाल्ली.

आजची खरी चिंता यंत्राच्या जतनाची आहे. औरंगाबाद शहरातील शहागंजचा निजामकालीन घड्याळ मनोरा अलीकडे डागडुजी होऊन उजळला, राजाबाई मनोऱ्याचेही २०१५ पर्यंत जतनकाम झाले. परंतु दगड, काच आणि लाकूड वाचले म्हणजे घड्याळ वाचले असे होत नाही. झिजलेली पितळी बुशे, बोथट झालेले दाते आणि तुटलेली फ्यूझी साखळी दुरुस्त करायला लेथवर सुटा भाग नव्याने कातणारा कारागीर लागतो. तो मिळत नाही म्हणून जुन्या पेटीत सेलवर चालणारे यंत्र बसवले जाते आणि मूळ यंत्र भंगारात जाते. एका घड्याळाची तबकडी, दुसऱ्याचे यंत्र आणि नवी पेटी जुळवून अस्सल म्हणून विकण्याचा धंदाही याच उणिवेवर चालतो. अशा वेळी पेटीपेक्षा आधी पाहावे यंत्र: फ्यूझी जागेवर आहे का, मागच्या पत्र्यावरचे कोरीवकाम मूळचे आहे का आणि तबकडी बसवण्यासाठी यंत्राला नव्याने भोके पाडली आहेत का.